यात शेंगदाणा नाही

मी भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की यानं लपवलं. अन्न तपासणीच्या खात्यात भित्रेपणाला दक्षता म्हणतात, त्यामुळे माझी नोकरी तशी बरी चालली. धुळ्यातल्या मिठाईच्या दुकानांतून, हॉटेलांच्या मोऱ्यांतून, तेलाच्या घाण्यांवरून मी वीसेक वर्षं वास घेत हिंडलो. नमुना बाटलीत भरायचा, लाख लावायची, सही करायची. सही करताना माझा हात आधीपासूनच जरा थांबायचा. हल्ली तो जास्त थांबतो, आणि त्याला कारण आहे एक जेवण.

त्या हिवाळ्यात मला जळगावकडे जायचा हुकूम आला. तापीकाठच्या एका केळीच्या बागेत परदेशी पाहुणे यायचे होते, आणि त्यांच्या जेवणाची तपासणी माझ्याकडे. मला वाटलं, कुठलीशी कंपनी असेल. पोहोचल्यावर कळलं, हे वेगळंच प्रकरण आहे.

समजावून सांगितलं ते दिल्लीहून आलेल्या एका अधिकारी मुलीनं. मुलगी म्हणजे तिशीची बाई, पण माझ्या पुतणीच्या वयाची, मूळची नागपूरची. काखेत कायम एक जाड फाईल. ती म्हणाली, "काका, मोठ्या देशांचे प्रमुख वर्षातून एकदा भेटतात, फोटो काढतात, एका कागदाला मान्यता देतात. टीव्हीवर दिसतं ते एवढंच. तो कागद मात्र वर्षभर शिजत असतो. प्रत्येक प्रमुखाचा एक खास दूत असतो, त्याला शेर्पा म्हणतात. शिखरावर चढणारा वेगळा, ओझं वाहणारा वेगळा. शेर्पांच्या खाली कार्यगट. शेतीचा, आरोग्याचा, पैशाचा. हे गट गावोगाव बैठका घेतात आणि एकेका शब्दावरून भांडतात. जो शब्द पटला नाही तो चौकटी कंसात जातो. सगळे कंस निघाले की कागद तयार."

"आणि नाही निघाले तर?"

"तर प्रमुखांसमोर कंस जातो. मग आमच्या नोकऱ्या कंसात." ती हसली, पण तिच्या बोटांची नखं पार कुरतडलेली होती. ती पाहून मला तिच्याबद्दल आपलेपणा वाटला.

शेतीच्या गटाची बैठक दुसऱ्या एका मोठ्या शहरात चालू होती. त्यातला एक दिवस काढून ही मंडळी केळीची बाग, ठिबक, बायकांचे बचतगट बघायला येणार, बागेत जेवणार आणि परत जाऊन पुन्हा भांडणार. या एका दिवसासाठी सगळा जिल्हा तीन आठवडे राबत होता. रस्त्याचे खड्डे बुजले, बागेपर्यंत मुरूम पडला, केळीच्या घडांवर पांढऱ्या जाळ्या चढल्या. भुसावळहून खुर्च्या आल्या, त्या उंच निघाल्या म्हणून परत गेल्या. कुठल्या देशाशेजारी कुठला देश बसवायचा नाही, याचा एक तक्ता होता. मुक्ताईनगरकडचा एक तलाठी तो तक्ता पंचांग वाचावं तसा वाचायचा.

दोन दिवस आधी रंगीत तालीम झाली. कारकुनांच्या छातीवर देशांची नावं लावून त्यांना मांडवात बसवलं. तलाठ्याच्या वाट्याला असा मोठा देश आला की तो कुणाशी बोलेना. माझ्या छातीवर कुठल्याशा थंड देशाची पाटी लागली आणि मी तिसऱ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीत जाऊन बसलो. वाढपी पांढरे हातमोजे घालून रिकाम्या ताटांत रिकामे डाव फिरवत होते. मला मजा वाटत होती, हे कबूल करतो.

मग त्या मुलीनं माझ्या हातात पथ्याची यादी दिली. कोण मांस खात नाही, कोण दूध घेत नाही, कुणाला लसूण नको. त्यात एका ओळीखाली लाल रेघ होती. माझ्याच खुर्चीवर बसणारी बाई, थंड देशाची प्रतिनिधी. तिला शेंगदाण्याची ॲलर्जी. कणभर पोटात गेला तरी घसा सुजून श्वास बंद होऊ शकतो.

"कणभर म्हणजे?" मी विचारलं.

"कणभर म्हणजे कणभर, काका. लहानपणी एकदा तिचा जीव जाता जाता राहिला. तुम्ही लेखी द्यायचं, कुठल्याही पदार्थात शेंगदाणा नाही म्हणून. त्यावर तुमची सही."

खानदेशात शेंगदाणा नाही असं लिहून द्यायचं? आमच्याकडे तो जिन्नसात मोजतच नाहीत. भाजीत कूट, चटणीत कूट, फोडणीला त्याचंच तेल. उपासाला शेंगदाणे आणि उपास सुटल्यावर शेंगदाण्याची चटणी. बाईला विचारलं, भाजीत काय काय घातलंस, तर ती मिठापर्यंत सगळं सांगेल आणि दाण्याचं नावही घेणार नाही.

तरी तोवर धीर होता, कारण जेवण एका बड्या हॉटेलातून बंद डब्यांत यायचं ठरलं होतं. पण जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांच्या मनात आलं की पाहुणे हिवाळ्यात जळगावला यायचे आणि भरीत न खाता जायचे, हे शोभत नाही. पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजताना पाहुण्यांना दाखवू, तिथंच वाढू. साहेबांनी विचारलं, असं भरीत करणारं विश्वासाचं माणूस कोण? आणि मी, ज्यानं जन्मात कधी आपणहून हात वर केला नाही, त्या मी हात वर केला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मी नाव घेतलं ते नरडाण्याच्या अक्काचं. अक्का माझ्या नात्यातली नव्हे, पण माझ्या बहिणीच्या लग्नापासून आमच्याकडच्या प्रत्येक कार्याला चुलीपुढे तीच. साठी उलटलेली, कमरेत जरा वाकलेली, बोलायला कमी. तिला निरोप गेला आणि ती तालमीनंतर टेम्पोतून आली. सोबत दोन सुना, वांग्यांची पोती आणि गोणपाटात गुंडाळलेली तिची बडगी. बडगी म्हणजे भरीत कुटायची लांबट लाकडी उखळ. ती घरची असल्याशिवाय अक्का भरताला हात लावत नसे.

मी तिला बाजूला बसवून सांगितलं, "अक्का, एक परदेशी बाई आहे, तिला शेंगदाणा चालत नाही. अजिबात नाही. जीव जाईल तिचा."

अक्कानं मान डोलावली. "चालत नही तं चालत नही. कानबाईना रोटनं दळन जसं न्यारं, तसं करूत."

श्रावणात कानबाईच्या रोटांचे गहू आमच्याकडे वेगळे दळतात, जातं धुऊन, घरच्याच हातांनी, आणि ते रोट भाऊबंदांपलीकडे कुणाला देत नाहीत. मला वाटलं, अक्का आपली समजूत काढतेय. मी हो म्हटलं आणि माझ्या कामाला लागलो.

आणि मी काम चोख केलं, निदान मला तसं वाटलं. शेंगदाणा तेलाचे डबे परत पाठवून सूर्यफुलाचे सीलबंद डबे आणवले. मिरच्या, लसूण, कांद्याची पात स्वतः निवडताना पाहिली. सुनांच्या पिशव्या तपासल्या, त्यांच्या शिदोरीतली दाण्याची चटणी बागेबाहेर नेऊन पुरली. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी मनावर घेतली नाही. पाहुणे यायच्या दिवशी सकाळी, दाखवण्यापुरती बाजूला ठेवून बाकीची वांगी भाजली, सोलली, कुटली, फोडणी पडली. मी चाखून पाहिलं. झणझणीत, धुराचा वास, शेंगदाण्याचा मागमूस नाही. नमुना बाटलीत भरला, लाख लावली. छापील कागदावर लिहिलं, यात शेंगदाणा नाही. खाली सही केली. कागद त्या मुलीनं फाईलमध्ये घातला आणि तिनं असा श्वास सोडला की तो मलाही ऐकू आला.

पाहुणे आले. गाड्यांची रांग, मागे रुग्णवाहिका. तीसेक माणसं, उन्हानं लाल झालेली. बाग बघताना त्यातले दोघे केळीकडे पाठ करून एका वाक्यावरून वाद घालत होते. नागपूरची मुलगी मला हळूच म्हणाली, तो कंस अजून निघाला नाही. थंड देशाची ती प्रतिनिधी मात्र अक्काच्या जाळाजवळ बराच वेळ उभी राहिली. उंच, करड्या केसांची, गुडघ्याला पट्टा बांधलेली बाई. वांग्याची साल कशी सुटते ते वाकून पाहत होती. हीच ती, असं मी अक्काला खुणेनं सांगितलं; अक्कानंही तिला नीट पाहून घेतलं.

पाहुणे मांडवात बसले, ताटं वाढली गेली. मोठे साहेब स्वागताचं बोलायला उठले. त्यांचं बोलणं संपल्याशिवाय कुणी घास उचलणार नव्हतं. मी सहज म्हणून मागे चुलीकडे गेलो. सुना भांडी आवरत होत्या. बडगी पालथी घालायला काढली होती. तिच्या काठापासून आतपर्यंत एक जुनी चीर गेलेली मला दिसली, आणि चिरेत काळपट, तेलकट काहीतरी गच्च बसलेलं. मी नखानं थोडं खरवडलं आणि नाकाशी नेलं.

शेंगदाणा. जुना, खवट, मिरचीत मुरलेला शेंगदाणा.

वीस वर्षं मी वासावर जगलो. चूक होणं शक्यच नव्हतं. मी तेल पाहिलं, पिशव्या पाहिल्या, लोकांच्या शिदोऱ्या पुरल्या, आणि भरीत ज्याच्यात कुटलं ते लाकूड पाहिलंच नाही. बडगी तर आमच्या प्रत्येक घरात असते. मी तिच्याकडे पाहून न पाहिल्यासारखा तीन वेळा तिच्या जवळून गेलो होतो.

मी मांडवाच्या कडेला आलो. साहेबांचं बोलणं चालू होतं. तापी, केळी, अतिथी. तिसऱ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर ती बाई बसली होती, तिच्या ताटात भरीत वाढलेलं होतं, आणि ती हात मांडीवर ठेवून शहाण्या मुलीसारखी ऐकत होती. माझ्यापासून ती पंधरा पावलांवर होती.

पंधरा पावलं चालायची, वाकायचं, ताट उचलायचं. एवढंच होतं. माझे पाय हलले नाहीत. ताट उचललं की साहेब थांबतील, सगळे देश मान वळवतील, फाईल उघडेल, कागद निघेल, त्यावर माझी सही. पहिला प्रश्न मलाच येईल. मी मनाला म्हटलं, कदाचित काही होणारही नाही. चीर केवढीशी, कण केवढासा. मग मला आठवलं, कणभर म्हणजे कणभर.

मी चाललो, पण उलट्या दिशेनं. रुग्णवाहिका केळीच्या रांगेआड उभी होती. तिथल्या डॉक्टरांना मी गप्पा मारल्यासारखं विचारलं, "घसा सुजला तर द्यायचं इंजेक्शन असतं ना तुमच्याकडे?"

"आहे की. का?"

"असंच. खात्री केलेली बरी."

डॉक्टर म्हणाले, तुमच्यासारखी दक्ष माणसं पाहिजेत. मी गाडीच्या दाराला धरून उभा राहिलो. तिथून मांडवाची मागची बाजूच दिसत होती, आणि मला तेवढंच बघायचं होतं. टाळ्या ऐकू आल्या. मग वाट्या-चमच्यांचा आवाज. जेवण सुरू झालं होतं.

उभ्या उभ्या माझं डोकं एकदम लख्ख चालायला लागलं. मला विचारतील तेव्हा काय सांगायचं, त्याचा मसुदा मी करायला घेतला. आधी लांबलचक झाला. मग एकेक शब्द काढत गेलो. शेवटी एक वाक्य उरलं, कुठंही कंस नसलेलं: बडगी अक्कानं मला न विचारता घरून आणली. वाक्य पाठ झालं तेव्हा मला चक्क बरं वाटलं. ते बरं वाटणं मी अजून विसरलेलो नाही.

मग मांडवात कुणीतरी खोकलं. बाईचा खोकला, कोरडा, लागोपाठ. डॉक्टरांनी मान वर केली. मी गाडीच्या पायरीवर बसलो. खोकला थांबला. पाणी मागितल्याचा आवाज आला, आणि मग हसणं. एका माणसाचं नाही, अख्ख्या रांगेचं. तिला मिरची लागली होती.

पुढचा अर्धा तास मी जगलो कसा, ते मला सांगता येणार नाही. मी मांडवाला चकरा मारल्या. प्रत्येक चकरेला त्या बाईचा गळा पाहिला, ओठ पाहिले. तिनं दुसऱ्यांदा भरीत वाढून घेतलं; कशातून, तिकडे माझं लक्ष गेलं नाही. जेवण उरकलं, केळी वाटली गेली, गाड्या सुरू झाल्या. जाताना ती चुलीपाशी गेली आणि अक्काचे दोन्ही हात हातात घेऊन काहीतरी बोलली. धूळ खाली बसल्यावर नागपूरची मुलगी माझ्याकडे धावत आली. तिचे डोळे भरले होते. "काका, तुमच्यामुळे निभावलं." मी म्हटलं, अहो त्यात काय.

मी अक्काकडे गेलो. ती बडगी गोणपाटात गुंडाळत होती. शेजारी एक नवं कोरं छोटं मडकं पडलं होतं, तळाला भरीत लागलेलं.

"हे काय?"

"त्या बाईनं भरीत," अक्का म्हणाली. "दोन वांगा न्यारा भाजात. हातवरी मळात. नवं मडकं. मनी बडगीम्हा जनमभर शेंगदाना कुटेल शे, तिनामातलं तिले कसं चालई?"

मी खाली बसलो. "मग वाढप्याला दिलं का नाही?"

"दिधं व्हतं. तो म्हने, आमना तक्ताम्हा मडकं नही. तुमी काय पुढे येवानं नही." अक्का दोर आवळत होती. "मी तुमलेच सांगाले उठनू, तं तुमी बडगीले नख लावताना दिसनात. वास लिधा. मी म्हनं, चला, भाऊले समजनं. आते भाऊ ताट उचली लयी."

मी ते छोटं मडकं उचलून हातात धरलं.

"मी वाट देखी. साहेबनं बोलनं सरत उनं, तुमी तं गाडीकडे गयात. मंग मीच गऊ. ताटमातली वाटी उचली, मडकं ठेयं. साहेबनी डोया वटारात." ती जराशी हसली. "वटारू दे."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. तिनं दोराला गाठ मारली आणि माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ, त्या बाईले काही व्हतं, तं तुमी कोनं नाव सांगतात?"

माझं वाक्य तयार होतं, पाठ होतं. मी गोणपाटाचा सुटलेला कोपरा आत खोचू लागलो. सुना भांडी टेम्पोत टाकत होत्या. अक्का म्हणाली, "धरा ते टोक." बडगीचं एक टोक तिनं धरलं, एक मी. दोघांनी मिळून ती टेम्पोत चढवली.

काही महिन्यांनी प्रमुखांची परिषद झाली. टीव्हीवर ते हात मिळवत होते, कागद सगळ्यांना मान्य झाल्याचं सांगत होते. चेहऱ्यांवर जराही काळजी नव्हती. माझ्या मनात आलं, यांना भ्यायला लागू नये म्हणून खाली वर्षभर किती माणसं भिऊन घेतात. मला दिल्लीहून आभाराचं पत्र आलं होतं. त्यात दक्षता हा शब्द दोनदा होता. बायकोनं ते चौकटीत लावलं आणि शेजारणीला म्हणाली, ह्यांच्या सहीशिवाय त्या बाईंच्या पोटात घास गेला नसता. मी उठून मोरीत गेलो आणि नुसताच नळ सोडून उभा राहिलो.

पुढच्या रविवारी मी नरडाण्याची बस धरली. का, ते बायकोला सांगितलं नाही. अक्का ओसरीवर बसली होती, पुढ्यात तीच बडगी. मला पाहून तिनं पदर सावरला आणि पाट पुढे सरकवला. मी बसलो नाही. बसलो असतो तर राहून गेलं असतं.

"अक्का, त्या दिवशी तुमी इचारेल व्हतं," मी म्हणालो. "तुमनंच नाव सांगतू मी. वाक्य तयार व्हतं."

अक्कानं मुसळ हातातच ठेवलं होतं.

"माहीत शे," ती म्हणाली. "बसा. जेवीसन जा."

मग तिनं सुनेला भाकरी टाकायला सांगितलं, आणि ती पुन्हा बडगीत शेंगदाणे कुटायला लागली.